पडद्यावरचा इतिहास आणि पडद्याबाहेरची माणसे

छावणी ओलांडून दौलताबाद-वेरूळच्या रस्त्याला लागले की पडेगाव येते. एके काळी शहराबाहेरचे असलेले हे गाव आता छत्रपती संभाजीनगरात पुरते मिसळून गेले आहे. लष्कराच्या गाड्या या रस्त्याला नवीन नाहीत आणि आमच्या धर्मग्रामातील काही घरांच्या भिंतींवर गणवेशातील वडिलांची छायाचित्रे आजही आढळतात. त्यामुळे गेल्या प्रायश्चित्तकाळात शनिवारी सायंकाळच्या मिस्सानंतर सभागृहात युद्धाचे, इतिहासाचे आणि थोर व्यक्तींचे जुने अनुबोधपट दाखवावेत असे आम्ही ठरवले, तेव्हा मंडळी येतील याची आम्हाला खात्री होती. मंडळी आली. लहान मुले पहिल्या रांगेत आणि म्हातारी माणसे भिंतीला टेकून, असा नेहमीचा थाट होता.

तिसऱ्या शनिवारी १९४८ च्या हैदराबाद पोलीस कारवाईची काही वृत्तदृश्ये दाखवली. धूळ उडवीत जाणाऱ्या लष्करी गाड्या, रुबाबदार अधिकारी, रस्त्याकडेची गर्दी, आणि वर निवेदकाचा भारदस्त आवाज. दिवे लागल्यावर वैजापूर तालुक्यातून येऊन इथे स्थायिक झालेले एक आजोबा काठी टेकीत आमच्याजवळ आले आणि म्हणाले, "फादर, समदं बेस हाय. पर ह्यात आमी कुटं हाव?"

आम्ही काहीतरी उत्तर दिले, पण ते आमचे आम्हालाच पटले नाही. हा लेख त्या प्रश्नामुळे लिहावा लागत आहे.

चलच्चित्र आपल्या देशात आले १८९६ साली, मुंबईत. ७ जुलै रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे वॉटसन हॉटेलात दाखवली गेली, आणि ती पाहून भारावलेल्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर नावाचे एक मराठी छायाचित्रकार होते. लोक त्यांना सावेदादा म्हणत. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवर दोन पैलवानांची कुस्ती चित्रित केली. पुढे १९०१ च्या डिसेंबरात, केंब्रिजला सीनियर रँग्लर होऊन आलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे मुंबईत झालेले स्वागत त्यांनी टिपले. भारतीय माणसाने भारतीय घटनेचा काढलेला पहिला वृत्तपट म्हणून अभ्यासक त्याकडे बोट दाखवतात. कोकणातल्या एका गावचा मुलगा गणितात साहेबाच्या मुलांच्या पुढे गेला, हे सावेदादांना राजेरजवाड्यांच्या मिरवणुकीइतकेच चित्रणयोग्य वाटले, याचे आम्हाला फार कौतुक वाटते. मात्र पुढे १९०३ मध्ये लॉर्ड कर्झनच्या दिल्ली दरबाराचे चित्रण करायलाही तेच गेले. यातले काहीही आज पाहायला मिळत नाही. ती रिळे नष्ट झाली.

जवळपास त्याच सुमारास, १८९८ साली, तिकडे रोममध्ये विल्यम डिक्सन या तंत्रज्ञाने व्हॅटिकनच्या बागेत परमपूज्य तेरावे लिओ यांचे चित्रण केले. पोप महोदय तेव्हा ८८ वर्षांचे होते. कॅमेऱ्याकडे पाहून ते आशीर्वाद देतात, ते काही क्षण आजही शाबूत आहेत. नव्या यंत्रापुढे ख्रिस्तसभेचा प्रमुख इतक्या सहजपणे बसला, ही गोष्ट ज्यांना ख्रिस्तसभा प्रत्येक नव्या वस्तूला भिते असे वाटते त्यांनी जरूर ध्यानात घ्यावी. दादासाहेब फाळक्यांना चित्रपटाचा ध्यास लागला तोही १९१०-११ च्या सुमारास मुंबईत प्रभू येशूच्या जीवनावरील चित्रपट पाहून, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेलच. पण 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये, त्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याला फुटणारा कोंब रोज थोडा थोडा टिपून 'अंकुराची वाढ' हा छोटासा पट केला होता, हे तितकेसे ठाऊक नसते. अनुबोधपट म्हणजे काय हे आम्हाला मुलांना सांगायचे असते तेव्हा आम्ही वाटाण्याच्या त्या वेलाचीच गोष्ट सांगतो. जे हळूहळू घडते आणि म्हणून आपल्या ध्यानात येत नाही, ते तिथे ध्यानात येते.

युद्धाचे चित्रण मात्र इतके निरागस राहिले नाही. पहिल्या महायुद्धात १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमची लढाई सुरू झाली. पहिल्याच दिवशी ब्रिटिश सैन्याचे १९ हजारांहून अधिक जवान मृत्युमुखी पडले. त्याच ऑगस्टात 'द बॅटल ऑफ द सोम' हा पट ब्रिटनमध्ये प्रदर्शित झाला आणि पहिल्या सहा आठवड्यांत सुमारे २ कोटी लोकांनी तो पाहिला. आपला मुलगा, आपला नवरा एखाद्या चौकटीत दिसतो का, म्हणून बाया पडद्याकडे डोळे लावून बसत. त्यातील सर्वात गाजलेले दृश्य म्हणजे खंदकातून वर चढून शत्रूवर चाल करून जाणारे सैनिक. त्यांतला एक कोसळून पुन्हा खंदकात घसरतो. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले की ते दृश्य आघाडीच्या मागे, प्रशिक्षणाच्या जागेवर मुद्दाम घडवून चित्रित केलेले होते. बाकीचे बहुतेक चित्रण खरे, जखमी खरे, प्रेतेही खरी. आणि लोकांच्या मनात घर करून बसले ते नेमके तेवढे एक खोटे दृश्य.

त्याच वर्षी 'विथ द इंडियन ट्रूप्स अॅट द फ्रंट' नावाचा पटही निघाला. फ्रान्सच्या चिखलात उभे असलेले आपले जवान त्यात दिसतात. पण महाराष्ट्राच्या दृष्टीने त्या युद्धातील सर्वात मोठे दुःख फ्रान्समध्ये नव्हतेच. ते होते आजच्या इराकमध्ये, तैग्रिस नदीच्या काठावरील कुट गावी. सहाव्या पुणे डिव्हिजनमधील तीन मराठा पलटणी तिथे डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने शरणागती पत्करावी लागली आणि सुमारे १३ हजार इंग्रज व हिंदी सैनिक कैद झाले. कैद्यांना वाळवंटातून पायी चालवीत नेले आणि त्यांतले हजारो परत आलेच नाहीत. सातारा-रत्नागिरीच्या कितीतरी घरांत त्या वर्षी कोणाचे पत्र आले नाही. तिथे कॅमेरा कोण नेणार? वेढ्यात धान्य पोहोचवता येत नव्हते. सोम पडद्यावर आले, कुट आले नाही. म्हणून आज आपल्या मुलांनी सोमचे नाव ऐकलेले असते आणि कुटचे नसते.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत सर्व राष्ट्रांना या माध्यमाची ताकद कळून चुकली होती. १९३४ च्या न्युरेंबर्ग मेळाव्यावर लेनी रीफेनस्टाल या बाईंनी केलेला 'ट्रायम्फ ऑफ द विल' आम्ही सभागृहात पूर्ण दाखवला नाही, दहाच मिनिटे दाखवला. तेवढ्यातही आमच्या तरुणांच्या तोंडून "वा!" निघाले. मशाली, शिस्त, ढगांतून उतरणारे विमान! आम्ही तिथेच थांबवून विचारले, या सुंदर रांगांत ज्यू कुठे आहेत? सभागृह शांत झाले. अमेरिकेत फ्रँक काप्रा यांनी हीच शत्रूची दृश्ये घेऊन, त्यांचा क्रम बदलून, वर दुसरे निवेदन चढवून आपल्या सैनिकांसाठी 'व्हाय वुई फाइट' ही पटमालिका केली. चित्र तेच, आणि अर्थ अगदी उलटा! निवेदकाच्या आवाजावर किती भिस्त ठेवावी याचा याहून चांगला धडा आम्हाला सुचत नाही.

आपल्याकडे इंग्रज सरकारने १९४० मध्ये मुंबईत फिल्म अॅडव्हायजरी बोर्ड स्थापन केले. युद्धप्रचाराच्या या मंडळाची निर्मितीची धुरा काही काळ व्ही. शांताराम यांनी सांभाळली. एकीकडे 'शेजारी'सारखा बोलपट काढून हिंदू-मुसलमान सख्य सांगणारा हा मराठी दिग्दर्शक दुसरीकडे परक्या सरकारच्या युद्धप्रयत्नाला मदत करतो, याबद्दल त्या वेळी कुरबुर झालीच. फॅसिझमचे संकट मोठे की गुलामगिरीचे, हा पेच तेव्हा अनेक प्रामाणिक माणसांपुढे होता. ऐंशी वर्षांनी आरामखुर्चीत बसून निवाडा देणे आम्हाला प्रशस्त वाटत नाही. १९४३ मध्ये 'इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया' आणि 'इंडियन न्यूज परेड' या नावांनी हे काम पुढे चालले, आणि सरकारी पट प्रत्येक खेळाआधी दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक झाले.

या काळात आपले जवान इटलीत लढत होते. १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात कोकणचे नाईक यशवंत घाडगे एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले आणि धारातीर्थी पडले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव यांनी गोळीबारातून जखमी सोबत्यांना पाठीवर वाहून आणले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच इटलीत अमेरिकन दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांनी सान पिएत्रो या खेड्याच्या लढाईवर एक पट केला. उद्ध्वस्त चर्च, मलब्यातून बाहेर येणाऱ्या आया आणि कॅमेऱ्याकडे पाहून लाजत हसणारी मुले त्यात आहेत. लढाईची बरीचशी दृश्ये नंतर पुन्हा घडवून घेतलेली होती, असे पुढील संशोधनात आढळले. मुलांचे ते हसू मात्र कोणी शिकवून करून घेतले असेल असे आम्हाला वाटत नाही. आम्ही ते तीनदा पाहिले आहे.

युद्ध संपले. इंग्रजांच्या प्रचाराचे साधन म्हणून बदनाम झालेल्या या सरकारी संस्था १९४६ मध्ये गुंडाळल्या गेल्या. लोकभावनेला ते धरूनच होते. पण परिणाम काय झाला? १४-१५ ऑगस्ट १९४७ ची मध्यरात्र उजाडली तेव्हा तो सोहळा टिपायला भारत सरकारजवळ स्वतःचे चित्रपथक नव्हते! अंबालाल पटेल यांच्यासारख्या खाजगी व्यावसायिकांनी आणि परदेशी वृत्तपटांच्या कॅमेरामननी जे टिपले, त्यावरच आज आपण दर वर्षी दूरदर्शनवर तो क्षण पाहतो. प्रचाराचा विटाळ म्हणून भांडेच फेकून दिले, आणि ऐन जेवणाच्या वेळी ताट नाही, अशी गत झाली. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले ते या अनुभवानंतर. मुंबईतील या संस्थेने पुढे कित्येक दशके भारतभर, मराठीसह अनेक भाषांत, वृत्तपट आणि अनुबोधपट पुरवले. आम्ही शाळकरी असताना तंबूच्या टॉकीजमध्ये मुख्य बोलपटाआधी ते येत. धरण, पूर, पंतप्रधानांचा दौरा, क्रिकेट. मोठी माणसे तोवर बाहेर चहा-विडी आटोपून घेत. १९६१ चे गोवामुक्तीचे सैन्य आणि १९७१ ची ढाक्यातील शरणागती आमच्या पिढीने अशी, शेंगा खात, पाहिली. एस. सुखदेव यांचा बांगलादेशावरील 'नाइन मंथ्स टू फ्रीडम' आम्ही सेमिनरीत पाहिला तेव्हा मात्र शेंगा कोणाच्याच हातात नव्हत्या. निर्वासितांच्या छावणीतील चेहरे त्यात फार जवळून दिसतात. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजनचे काम राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे सोपवण्यात आले.

थोर व्यक्तींवरील अनुबोधपटांत आम्हाला सर्वात मोठा वाटतो तो विठ्ठलभाई झवेरी यांचा 'महात्मा'. १९६८ मध्ये गांधी स्मारक निधीने फिल्म्स डिव्हिजनच्या सहकार्याने तो पूर्ण केला. ३३ रिळे, साडेपाच तास. याच झवेरींनी आधी दीनानाथ गोपाळ तेंडुलकर यांच्या आठ खंडांच्या गांधीचरित्रासाठी छायाचित्रे जमवली होती. त्याहीपूर्वी ए. के. चेट्टियार या तमिळ गृहस्थाने देशोदेशी भटकून, निरनिराळ्या कॅमेरामननी टिपलेले सुमारे ५० हजार फूट चित्रण गोळा केले आणि १९४० मध्ये गांधीजींवर पहिला मोठा पट दाखवला. गंमत अशी की स्वतः गांधीजींना सिनेमाचे वावडे होते. १९२७ च्या सरकारी चौकशी समितीला त्यांनी आपण कधी सिनेमा पाहिलेला नाही असे कळवून टाकले होते. ज्याने कॅमेऱ्याकडे कधी ढुंकून पाहिले नाही, त्याच्यामागे कॅमेरा तीस वर्षे धावला! 'महात्मा'त अनेक ठिकाणी गांधीजी नुसते चालत असतात. आमच्या एका धर्मभगिनी म्हणाल्या, "फादर, हे चालणे पाहिले की भाषण ऐकावेसेच वाटत नाही."

ख्रिस्तसभेनेही या माध्यमाचा विचार वेळीच केला. अकरावे पायस यांनी १९३६ मध्ये 'विजिलांती कुरा' हे विश्वपत्र चित्रपटांवरच लिहिले, आणि दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसारमाध्यमांवर स्वतंत्र आदेशपत्र काढले. ऐन युद्धात, १९४२ मध्ये, बारावे पायस यांच्यावर 'पास्तोर अँजेलिकुस' हा पट निघाला. त्याची चर्चा पुन्हा केव्हातरी. इथे आम्हाला सांगायचे आहे ते मदर तेरेसांविषयी. १९६९ मध्ये बीबीसीसाठी माल्कम मगरिज कलकत्त्याला आले आणि 'समथिंग ब्यूटिफुल फॉर गॉड' तयार झाला. कालीघाटच्या निर्मल हृदयमध्ये उजेड इतका कमी होता की चित्रण उमटणार नाही असेच सर्वांना वाटले. प्रत्यक्षात ते स्वच्छ, मऊ प्रकाशात उमटले. मगरिज यांनी त्याला चमत्कार म्हटले. कॅमेरामन केन मॅकमिलन यांनी मात्र सांगितले की कोडॅकची मंद प्रकाशात चालणारी नवी फिल्म आपण पहिल्यांदाच वापरली होती, श्रेय तिचे. हे आम्ही धर्मग्रामात सांगितले तेव्हा एक-दोघांना ते रुचले नाही. आमच्या मते कॅमेरामनचा शब्द मानणे हेच योग्य आहे. मरणाऱ्या माणसाचे तोंड पुसणारा हात त्या चित्रणात आहे, तो रासायनिक प्रक्रियेने आलेला नाही.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे यावे लागेल.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत निजामाचे राज्य संपले. आपला मराठवाडा मोकळा झाला. त्याआधीच्या वर्षभरात रझाकारांच्या भयाने गावेच्या गावे सरहद्दीपलीकडे गेली होती, हे घरोघर सांगितले जाते. आणि कारवाईनंतरच्या आठवड्यांत काय झाले ते फारसे सांगितले जात नाही. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्या काळात मारल्या गेलेल्यांचा अंदाज अगदी हात राखून २७ ते ४० हजार असा दिला; त्यांत बहुसंख्य मुसलमान होते, आणि उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ लागली होती. तो अहवाल सामान्य अभ्यासकांना पाहायला मिळाला २०१३ मध्ये. आधीची भीती खरी आणि नंतरची कत्तलही खरी. वृत्तदृश्यांत दोन्ही नाहीत, फक्त गाड्या आणि अधिकारी आहेत. कॅमेरा लष्कराच्या मागोमाग चालत होता; तो डांबरी रस्ता सोडून शिवारात उतरला नाही.

अशा वेळी काय करायचे याचे उत्तर आम्हाला दोन फ्रेंच पटांत सापडले. आलँ रेने यांचा 'नाइट अँड फॉग' १९५६ चा, अवघा ३२ मिनिटांचा. नाझी छळछावण्यांवरील या पटाचे निवेदन झाँ केरोल या कॅथलिक कवीने लिहिले. तो स्वतः छावणीतून वाचून आलेला होता. त्यातील एका छायाचित्रात कैद्यांवर पहारा देणाऱ्या फ्रेंच शिपायाची टोपी दिसत होती. आपलाच माणूस त्यात होता हे दिसू नये म्हणून फ्रेंच सेन्सॉरने ती टोपी झाकायला लावली. दुसरा क्लॉद लान्झमन यांचा 'शोआ', १९८५ चा, नऊ तासांहून मोठा. त्यात जुने चित्रण एक फूटही वापरलेले नाही. लान्झमन अकरा वर्षे माणसांकडे गेले, त्यांना बसवले आणि विचारत राहिले. तिकिटे देणारा, गाडी चालवणारा, न्हावी. माणूस बोलताना थांबतो, तिथे कॅमेराही थांबून राहतो.

आणि जपणुकीचा प्रश्न उरतोच. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये निघाले. पी. के. नायर यांनी तिथे आयुष्य वेचून, 'राजा हरिश्चंद्र'च्या चारांपैकी दोन रिळांसह, कितीतरी पट वाचवले. त्यांच्यावर शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी २०१२ मध्ये केलेला 'सेल्युलॉइड मॅन' जरूर पाहावा. तरीही जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि न परत मिळणारी शेकडो रिळे जळाली. फिल्म जळते, माणसे म्हातारी होतात.

पास्खा सणानंतरच्या आठवड्यात आम्ही आजोबांच्या घरी गेलो. बरोबर दोन तरुण आणि त्यांचा मोबाईल होता, दुसरे साधन नव्हते. १९४८ मध्ये आजोबा नऊ वर्षांचे होते. आम्ही रझाकारांविषयी विचारले, लष्कराविषयी विचारले. ते बैलांविषयी बोलत राहिले. रात्री सरहद्द ओलांडायची म्हणून बापाने बैलांच्या गळ्यातील घुंगरमाळा सोडल्या, त्या गोणपाटात गुंडाळून आईच्या मांडीवर दिल्या. आणि वाटभर आई श्वास कोंडून बसली होती, माळ वाजेल म्हणून. परत आले तेव्हा शेजारच्या मोमिनाचे घर रिकामे होते. तो घोंगड्याच्या मोलाने घराची राखण करीत असे. "त्यो कुटं गेला, कुनी इचारलं न्हाई. आमच्या बापानंबी न्हाई," असे म्हणून आजोबा बराच वेळ गप्प राहिले. तरुणांपैकी एकाने मोबाईल बंद करायला हात पुढे केला. आम्ही त्याला खुणेने थांबवले.

रणगाडा पाहिला का, असे शेवटी विचारले. "न्हाई. धुरळा पायला."

आजवर असे अकरा जणांचे बोलणे नोंदवून झाले आहे. त्यांत तीन मुसलमान शेजारी आहेत आणि छावणीतील दोन निवृत्त सैनिक आहेत. घोगरगाव, वैजापूर, गंगापूर या बाजूला ज्यांचे आजी-आजोबा हयात आहेत आणि ज्यांना १९४८ आठवते, त्यांनी आम्हाला निरोप द्यावा, आम्ही येऊ. दुपारी दोननंतर आलेले बरे, कारण सकाळी म्हातारी माणसे उन्हात बसतात आणि बाहेर रस्त्याचा आवाज फार येतो.